लवंग, कापूर की दालचिनी?

मित्रांनो, मी एक जुनं झाड आहे. इथपर्यंत माझा काही गोंधळ नाही. एका बेकरीच्या मागच्या अंगणात, सरपणाचा ढीग आणि पाण्याचा नळ यांच्या मधे मी उभी आहे, हेही अगदी नक्की. पण 'कसलं झाड?' असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. आजवर मला इतक्या जणांनी इतक्या वेळा हुंगलं आहे, आणि प्रत्येकाने इतकं वेगळं काही सांगितलं आहे, की माझं मलाच कळेनासं झालं. लवंग म्हटलं तर ती, कापूर म्हटला तर तो आणि नुसतं झाड म्हटलं तर ते. मग मी 'आलो' म्हणू की 'आले'? बराच विचार करून मी 'आले, गेले' धरलं आहे. ते बाईमाणसालाही चालतं आणि झाडालाही.

माझा जन्म एका रोपवाटिकेत झाला. काळ्या पिशवीत मूठभर माती आणि तीत मी. शेजारी पेरू, पलीकडे लिंबू, मागे कसलीशी शोभेची झुडपं. प्रत्येक पिशवीत मालकीणबाईंनी नाव लिहिलेली एकेक चपटी काडी खोचली होती. माझ्याही काडीवर काहीतरी लिहिलेलं होतं. पण एका दुपारी बाईंची शेळी आत शिरली. तिने पेरूचा शेंडा खाल्ला, लिंबाला नाक मुरडलं आणि नावांच्या काड्या मात्र एकजात चावून टाकल्या. अशा रीतीने माझं नाव शेळीच्या पोटात गेलं.

थोड्याच दिवसांनी एक धिप्पाड गृहस्थ आले. मिशांवर मैदा, दोन्ही दंडांवर भाजल्याचे जुने डाग. ते बेकरीवाले होते आणि त्यांना दालचिनीचं रोप हवं होतं. बाईंनी मला उचललं, उजेडात धरलं, माझं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"ही बहुतेक दालचिनी."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे दालचिनीच हो. बहुतेक."

गृहस्थ खो खो हसले आणि मला काखोटीला मारून घेऊन आले.

त्यांना दोन मुलं होती. थोरली वीस वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत. धाकटा तेरा-चौदा वर्षांचा, त्याला सगळे धाकटाच म्हणत. आज त्याच्या डोक्यावर टक्कल पडलं आहे, तरी तो धाकटाच आहे. त्यांची आई धाकट्याला पायावर उभं राहता येण्याआधीच गेली होती. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं. खड्डा बाबांनी खणला, मला ताईने धरलं आणि पाणी धाकट्याने घातलं, तेही निम्मं स्वतःच्या पायांवर.

"आपल्या झाडाच्या दालचिनीचा बन भाजायचा," बाबा म्हणाले. "विकतच्या काड्यांना काय चव असते? कपाटात पडून पडून पार दम निघून गेलेला असतो त्यांचा."

मी वाढू लागले. बाबा रोज सकाळी पावांचे पत्रे भट्टीत सरकवले की घाम पुसत बाहेर येत आणि मला विचारत, "काय, कुठवर आलंय?" मला वाटायचं, हे माझ्या उंचीबद्दल विचारतात. सहा वर्षांत मी छपराच्या वर गेले. पण साल कधी काढायची, कुठली काढायची, कशाने काढायची, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मुलांना ते बजावत, "हात लावू नका तिला. मी रविवारी रोपवाटिकेत जाऊन नीट विचारून येतो."

तो रविवार आलाच नाही. शनिवारी सकाळी भट्टीपुढच्या बाकावर टेकलेले बाबा परत उठले नाहीत. त्या दिवशी अंगणात खूप माणसं आली, खूप चपला पडल्या. मला वाटलं, कोणीतरी मला सांगेल काय झालं ते. कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घाम पुसत ताई बाहेर आली, तेव्हा मला थोडंसं कळलं.

पुढे भट्टी ताईने घेतली आणि दुकानाचा गल्ला धाकट्याने. आणि इथून पुढे, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला गोंधळ सुरू झाला.

सुरुवात पानापासून झाली. धाकटा एकदा माझ्या सावलीत दात कोरत उभा होता. सहज त्याने एक पान तोडलं, हातात चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि थबकला.

"ताई, ही तर लवंग आहे!"

ताई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. तिनेही हुंगलं. वास लवंगेचाच होता. अगदी दाढदुखीवर कापसाच्या बोळ्यात घालून धरतात ना, तसा.

"बाबांना रोपवाटिकेतल्या बाईंनी गंडवलं," धाकटा हसत म्हणाला.

"बाबांना कोणी गंडवू शकत नव्हतं," ताई म्हणाली. ती हसली नाही.

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, मी लवंग. महिनाभर मी लवंग होण्याची मनापासून तयारी केली. मग नळाची जमिनीतली नळी फुटली. ती दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरच्या कुदळीचा घाव माझ्या मुळावर बसला. तो तिथेच उकिडवा बसला आणि नाकपुड्या फुलवून म्हणाला, "कापूर! ताई, कापराचं झाड आहे हे. माझी आई कपड्यांच्या ट्रंकेत वड्या ठेवायची, अस्साच वास यायचा."

ताईने मुळाचा तुकडा हुंगला. कापूरच. नाक झिणझिणावं असा कापूर.

आणि पुढच्याच मोसमात मला भरभरून फुलं आली. पांढुरकी, बारीक, दिसायला साधीभोळी. पण त्यांचा वास असा की, काय सांगू, मलाच माझी लाज वाटली. गिऱ्हाईकं नाकाला रुमाल लावून विचारू लागली की दुकानामागे काही मेलंय का. तेव्हा धाकट्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको, म्हणजे बाबांची सून, म्हणून मी तिला सूनबाईच म्हणते, खिडकीतून डोकावून ताईला म्हणाली, "वन्सं, ह्या झाडाला एका नावाने हाक मारावी तर ते दुसऱ्याच नावाने ओ देतं. माझ्या माहेरी एक मामा आहेत असे."

सगळे हसले. मीही हसले असते. पण मी विचार करत होते. पानात लवंग, मुळात कापूर आणि फुलात ती दुर्गंधी. मग मधल्या एवढ्या मोठ्या खोडात मी कोण आहे?

हाच प्रश्न ताईलाही पडला असावा. बाबांना जाऊन दहा वर्षं झाली त्या दिवशी सकाळी ती सुरी घेऊन माझ्यापाशी आली. मग बुंध्याजवळची जाड, खरबरीत साल तिने हातभर तासून काढली. मला झोंबलं, पण मी मनाला समजावलं की हीच ती वेळ असणार. तिने ती साल वाळवली, कुटली, साखरेत मिसळली आणि आठवड्याने बन भाजले. कोणाला काही सांगितलं नाही. भावाला अवचित चकित करायचं होतं तिला.

धाकट्याने दुकान भरलेलं असताना बनाचा घास घेतला. पुढचं मी खिडकीतून ऐकलं. आधी थुंकल्याचा आवाज आला. मग त्याचा स्वर, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा.

"शी! भिंतीचा गिलावा खाल्ल्यासारखं लागतंय. ऐकलंत का मंडळी, आमचे वडील एका रोपाला फसले आणि बहीण त्याच्या सालीला!"

दुकानात हशा पिकला.

खिडकीच्या आतच ताई उभी होती. हातात दुसऱ्या खेपेचे बन. तिने ते कठड्यावर ठेवले, परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि बाहेर माझ्याकडे आली. जिथे साल तासली होती तिथे तिने ती कणीक थापली. हलक्या हाताने, चहूबाजूंनी, लहान मुलाच्या गुडघ्याला लावावं तसं. मला कळेना, लागलंय कोणाला, तिला की मला?

त्या दिवसापासून ताई धाकट्याशी बोलेनाशी झाली. दोन दिवस धाकट्याने हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी तोही फुरंगटला. मग दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांची वर्षं झाली.

पण बेकरी म्हणजे चार हातांचं काम. न बोलता चालणार कसं? त्यांनी एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीत विनाकारण मी सापडले. ताई अंगणात यायची आणि माझ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणायची, "झाडा, मैदा दोनच पोती उरलाय." दुकानातून धाकट्याचा आवाज यायचा, "झाडा, उद्या मोठी मागणी आहे. पाव जास्त लागतील म्हणावं." मी एक साधं झाड. मला बोलता येत नाही, हलताही येत नाही. तरी निरोप पोचायचे! मैदा यायचा, पाव वाढायचे. मी काहीच करत नव्हते आणि सगळं माझ्यामार्फत चाललं होतं. मित्रांनो, कचेऱ्यांतही अशी माणसं असतात असं सूनबाई म्हणायची.

सूनबाईने दोघांना समजावून पाहिलं. ताईला म्हणायची, "वन्सं, ते मनातून खजील झालेत हो. बोलायला जीभ उचलत नाही." धाकट्याला म्हणायची, "अहो, आईच्या जागी आहेत त्या तुमच्या. एकदा चुकलो म्हटलंत तर काय झिजाल?" धाकटा म्हणायचा, "चुकलो कसा? झाड खोटं आहेच. बाबा फसलेच होते. खरं बोलायची माफी मागू?"

आठ वर्षं अशी गेली. आठ! माझ्या जखमेवरची कणीक केव्हाच वाळून पडली, साल भरून आली. त्यांचं मात्र भरून येईना.

मग एक दिवस धाकट्याने माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "झाडा, मालाला जागा पुरत नाही. इथे कोठी बांधायची आहे. पुढच्या गुरुवारी लाकूडतोड्या येणार आहे." आधी मला वाटलं, हा नेहमीसारखा निरोप आहे. तो निरोप माझ्याविषयीच आहे, हे मला बऱ्याच वेळाने उमगलं. ताईने आतून स्टूल आणलं आणि माझ्या बुंध्याला टेकवून त्यावर बसली. त्यानंतर भट्टी सोडून जो मोकळा वेळ मिळे तो ती तिथेच बसून काढू लागली. गुरुवारीही ती तिथून उठणार नव्हती, हे सगळ्यांना कळून चुकलं.

मंगळवारी एक म्हातारी पाव घ्यायला आली. ह्या भागात नवी होती. लेकीकडे राहायला आलेली, पाठीत वाकलेली. अंगठा आणि तर्जनी मात्र लाकडासारखी टणक. रांगेत उभी असताना तिने बाजूच्या फाटकातून मला पाहिलं. मला तेव्हा नवी पालवी फुटली होती, लालभडक. म्हातारी रांग सोडून, कोणाला न विचारता, सरळ अंगणात आली.

"अगं बाई! तू इथे कशी?" ती मला म्हणाली. इतकी वर्षं माझ्याकडे बघून सगळे दुसऱ्याशी बोलत होते. ही खरंच माझ्याशी बोलत होती.

ताई स्टुलावरून उठली. "तुम्ही ओळखता हिला?"

"ओळखते? चाळीस वर्षं हिच्या भावंडांची साल सोलली मी. मळ्यात कामाला होते ना." तिने आपली बोटं दाखवली. "ही बोटं अशी का झाली असं वाटलं तुला?"

"आजी, मग खरं सांगा, ही कोण आहे?" ताईने विचारलं. "पानाला लवंगेचा वास येतो. मुळाला कापराचा. साल मी खाऊन पाहिली, ती कडू. फुलांचं तर बोलूच नका."

म्हातारी आधी हसली, मग हसता हसता खोकली, मग ताईच्याच स्टुलावर बसली.

"पोरी, दालचिनीच आहे ही. अस्सल. तिच्या पानाला लवंगेचाच वास असतो. मुळाला कापराचाच असतो, कापराचं झाड हिच्याच कुळातली बहीण. अशा बहिणी खूप आहेत हिच्या. कोणाची पानं मसाल्यात घालतात, कोणाच्या लाकडातून कापूर काढतात. आणि जुन्या खोडाची जाड साल कोण खातं? ते तिचं ढोपर आहे. ढोपर चाटून गोड लागेल का?"

तिने माझी बोटाएवढी कोवळी फांदी वाकवली. नखाने वरचा पापुद्रा खरवडला आणि आतली पातळ, ओली साल सोलून ताईच्या तळहातावर ठेवली. ताईने ती दाताखाली धरली. आधी काही झालं नाही. मग तिचे डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं.

सूनबाई खिडकीतून हे सगळं पाहत होती. तिने गल्ल्यावरून नवऱ्याला हाताला धरून आणलं. तिने सालीचा दुसरा तुकडा त्याच्या हातात दिला. धाकट्याने तो चावला. पुन्हा चावला. तिखट, गोड, ऊन ऊन असं काहीतरी त्याच्या तोंडभर झालं असावं, कारण तो मैद्याच्या पोत्यावर मटकन बसला आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, "बाबा..."



मला वाटलं, सुटले एकदाची. आता माझं नाव ठरलं, आता गुरुवार टळला. पण म्हातारी उठली, तिने माझ्या बुंध्याला हात लावला आणि म्हणाली, "पण हिला कापायला हवं. जमिनीपासून वीतभर ठेवून सगळी."

मित्रांनो, माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. जिने मला ओळखलं, तीच मला कापायला सांगत होती!

"दालचिनी अशीच होते," म्हातारी म्हणाली. "वाढू दिली की नुसतं लाकूड होतं. कापलं की बुडातून नवे कोंब येतात. दोन वर्षांनी त्या कोंबांची साल काढायची. तुमच्या वडलांना हे कोणी सांगितलं नाही का?"

ताई खाली मान घालून म्हणाली, "ते विचारायला जाणार होते."

गुरुवार उजाडला. लाकूडतोड्या दोन मुठींची लांब करवत खांद्यावर टाकून आला. त्याचा जोडीदार आजारी होता, म्हणून एकटाच आला होता. म्हातारीही आली. आणि आता जे घडलं त्याने माझ्या डोक्याचा पार भुगा केला. ज्याला मला कापायचं होतं तो धाकटा माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. "झाडा, सांग त्यांना, आज नको. म्हातारीचं चुकलं तर? कोंब आलेच नाहीत तर? बाबांची एवढी एकच वस्तू उरली आहे." आणि जी मला इतके दिवस राखत बसली होती ती ताई पदर खोचून म्हणाली, "झाडा, सांग त्याला, बाबांना झाड नको होतं. बाबांना दालचिनी हवी होती."

लाकूडतोड्याने दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मालक कोण आहे इथे? मी ह्या झाडाचं ऐकायचं का?"

ताईने त्याच्या हातातून करवत घेतली आणि एक मूठ धरली. दुसरी मूठ हवेत लोंबत राहिली. लाकूडतोड्या पुढे व्हायच्या आत धाकट्याने ती पकडली. मी पाहिलं, त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

दोन मुठींची करवत फक्त ओढायची असते, ढकलायची नसते. धाकट्याला ते ठाऊक नव्हतं. दोन हात झाले, तिसऱ्याला पातं वाकलं आणि माझ्या अंगात अडकून बसलं.

"ढकलू नकोस," ताई म्हणाली. "तू ओढ. मी ओढते तेव्हा सोड."

सूनबाईने तोंडावर पदर धरला. आठ वर्षांत ताईने पहिल्यांदा भावाकडे पाहून वाक्य उच्चारलं होतं. मला मधे न घालता. म्हणजे, तशी मी मधेच होते, करवतीखाली. पण तुम्हाला समजलं मी काय म्हणते ते.

"ओढ," ताई म्हणाली.

धाकट्याने ओढलं.

"सोड."

त्याने सोडलं. ओढ, सोड. ओढ, सोड. पांढरा भुसा उडत होता आणि सगळ्या अंगणात दालचिनीचा वास पसरत होता. मला कळेना, कळवळून रडावं की आनंद मानावा. इतकं दुखलंही मला कधी नव्हतं आणि इतकं बरंही वाटलं नव्हतं. दोन्ही एकाच घावातून येत होतं.

अर्ध्यावर धाकटा धापा टाकत म्हणाला, "ताई, त्या दिवशी दुकानात मी जे..."

"ओढ," ताई म्हणाली. "दम जपून ठेव. बरंच राहिलंय अजून."

मग मी पडले.

त्यानंतर मी वीतभर उंचीचा खुंट होते. आधी मला छपरं दिसायची, आता सगळ्यांच्या फक्त चपला दिसू लागल्या. महिना गेला, दुसरा गेला. कोंबाचं नाव नाही. म्हातारीने जाताना काळजी करू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून दोघंही काळजी करत नसल्यासारखं दाखवत. पण सकाळी धाकट्याच्या चपला यायच्या, माझ्यापुढे थांबायच्या, तांब्याभर पाणी पडायचं. तासाभराने ताईच्या चपला यायच्या, पुन्हा पाणी. मी नुसती चिखलात! मला स्वतःलाही खात्री नव्हती. मी जिवंत आहे की नाही हे कोणाला विचारायचं?

तिसऱ्या महिन्यात सालीखाली कुठेतरी खाजलं. मग तिथून लाल, चिमटीत मावेल एवढा कोंब बाहेर आला. ओरडली ती सूनबाई. "अहो! वन्सं! अहो!" दोघं धावत आले आणि गुडघ्यांवर बसले. कोंब हळूहळू वीस-पंचवीस झाले. म्हातारीने येऊन त्यातले पाच ठेवले आणि बाकीचे चोळून टाकले. पुन्हा गोंधळ! आधी सगळी मी एक, मग कोणीच नाही, आता पाच. यातली मी कोणती?

कोठी मग नळाच्या पलीकडे झाली.

दोन वर्षांनी, लाल पालवी हिरवी पडली तेव्हा, म्हातारीने निरोप धाडला की आज. तिचे हात आता फार कापत होते. म्हणून ती स्टुलावर बसली आणि दोघांना समोर बसवलं. धाकट्याने माझ्या दोन काठ्या तोडल्या. ताईने वरचा करडा पापुद्रा खरवडला. मग पितळेच्या दांड्याने साल घासून घासून सैल केली, सुरीने दोन उभ्या चिरा दिल्या आणि बोटाने साल उचलली. पहिली फाटली. दुसरी धाकट्याने फाडली. "फाटू दे," म्हातारी म्हणाली. "माझी वर्षभर फाटत होती." तिसरी अखंड सुटून आली. ओली, मऊ, गुलाबीसर. सावलीत ठेवल्यावर ती आपली आपणच वळू लागली, दोन्ही कडा आत घेऊन.

वाळल्यावर बन भाजले. म्हातारी पहिला बन घेऊन सरपणाच्या ढिगावर बसली आणि कोणाशी न बोलता सगळा संपवून बोटं चाटली. ताईला मात्र खाववेना. ती खिडकीपाशी तशीच उभी राहिली. दुकान भरलेलं होतं. धाकट्याने ट्रे गल्ल्यावर ठेवला आणि मी त्याचा आवाज ऐकला, पूर्वी एकदा ऐकला होता तेवढाच मोठा.

"मंडळी, हा आमच्या वडलांचा बन. ते फसले नव्हते. माझी बहीणही फसली नव्हती. फसलो होतो तो मी, आणि तेही तुमच्यासमोर, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो."

कोणी हसलं नाही. एक बाई म्हणाल्या, "मग द्या की दोन." खिडकीपाशी ताईने बनाचा पहिला घास घेतला.

आता ताईचे केस पिकले आहेत. म्हातारीचं येणं थांबलं आहे. तिची लेक कधीतरी बन न्यायला येते आणि "आईला चावत नाही, पण हुंगते," असं सांगते. माझ्या काठ्या कापल्या जातात, नव्या येतात. ज्यांनी बाबांना पाहिलं होतं ती पानं केव्हाच गेली. खाली मूळ तेवढं तेच आहे. म्हणजे मी जुनी की नवी, हे मला अजूनही उलगडलेलं नाही. तेवढा गोंधळ राहू द्या माझ्यापाशी.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही कोणाला नाव ठेवायला जाता आणि बघता बघता नावं ठेवू लागता. एक पान चुरगाळून मला लवंग म्हणू नका. माणसाचंही एखादंच वाक्य चुरगाळून त्याच्यावर आठ वर्षं रुसू नका. आमच्यापैकी कोणाला कापावं लागलं, तर जाणत्याला विचारून कापा. आणि ज्याला विचारायचं आहे त्याच्याकडे रविवारची वाट न बघता आजच जा.

आत्ता आतून मोठमोठ्याने आवाज येत आहेत. ताई आणि धाकटा कडाकडा भांडताहेत. भट्टी तापली होती की नव्हती, पाव कोणामुळे करपले, यावरून दोघं एकमेकांचा एक शब्द खाली पडू देत नाहीत. सूनबाई कपाळाला हात लावून अंगणात येऊन उभी आहे. मी कान देऊन ऐकते आहे. इतका वेळ झाला, पण दोघांपैकी एकानेही अजून 'झाडा' म्हटलेलं नाही.